न पाहिलेल्या रणांगणाची चित्रं

२९ जुलै १८९४च्या पहाटे, अंधार सरण्याआधीच, कोरियातल्या सोंगह्वानजवळ जपानी पायदळाची चिनी फौजेशी गाठ पडली. जपान जिंकला. लढाई लहानशीच होती, पण तिच्यातून निघालेली एक गोष्ट थोड्याच दिवसांत टोकियोभर पसरली. एका बिगुलवाल्याला गोळी लागली, तरी त्याने बिगूल सोडला नाही. प्राण गेला तेव्हाही तो ओठांशीच होता. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव छापलं, शिराकामी गेनजिरो. चित्रकारांनी त्याला रंगवलं, कोरक्यांनी लाकडात उतरवलं, आणि लोकांनी तो विकत घेऊन घरी नेला. पुढे लष्कराने चौकशी करून सांगितलं की तो बिगुलवाला शिराकामी नव्हता. शिराकामीच्याच ओकायामा भागातला किगुची कोहेई नावाचा दुसरा शिपाई होता. शिराकामीही त्याच लढाईत मेला होता, पण गोष्ट त्याची नव्हती. मग किगुचीचं नाव शाळेच्या नीतिपाठाच्या पुस्तकात आलं आणि दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तिथेच राहिलं. विकली गेलेली चित्रं मात्र बदलता येणार नव्हती. शिराकामीच्या नावाचे ते ताव आजही संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत.

या चित्रांना जपानीत ‘सेन्सो-ए’ म्हणतात, म्हणजे युद्धचित्रं. लाकडी ठशांवरून छापलेली, रंगीत, आणि बहुतेक वेळा तीन ताव शेजारी शेजारी लावून पूर्ण होणारी. एक ताव साधारण ३७ सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद; तिन्ही मिळून पाऊण मीटर रुंदीचं रणांगण. चीन-जपान युद्ध १८९४च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये तहाने संपलं. एवढ्या काळात अशी सुमारे ३००० चित्रं निघाली, असा जपानी साहित्याचे अभ्यासक डोनाल्ड कीन यांचा अंदाज आहे. म्हणजे सरासरी रोज दहाएक नवी चित्रं.

कादंबरीकार तानिझाकी जुनइचिरो तेव्हा आठ वर्षांचा होता. टोकियोच्या निंग्योचो भागातल्या कोपऱ्यावर शिमिझुया नावाचं चित्रांचं दुकान होतं. तिथे दर्शनी भागात युद्धाची चित्रं टांगलेली असत: मिझुनो तोशिकाता, ओगाता गेक्को आणि कोबायाशी कियोचिका यांची. बालपणाच्या आठवणींत तानिझाकीने लिहिलं आहे की त्यातलं प्रत्येक चित्र त्याला हवंसं वाटे, विकत मात्र क्वचितच मिळे. मग तो जवळजवळ रोज जाऊन दुकानासमोर उभा राही आणि डोळे भरून पाहत बसे. वर्तमानपत्रांत छायाचित्रं छापण्याचं तंत्र तेव्हा रोजच्या अंकापर्यंत पोहोचलेलं नव्हतं. त्या मुलासाठी, आणि टोकियोच्या बहुतेक मोठ्या माणसांसाठीही, युद्ध दिसायचं ते याच चित्रांतून.

आणि ती चित्रं काढणाऱ्या बहुतेकांनी ते युद्ध पाहिलेलं नव्हतं.

हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. तोकुगावा शोगुनांच्या राज्यात (१६०३ ते १८६८) देशात दीर्घ काळ शांतता होती, पण एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, लोकांना लढाईच्या चित्रांचं विलक्षण वेड होतं. गेनजी आणि हेइके घराण्यांची बाराव्या शतकातली युद्धं, चिनी कादंबरीतले बंडखोर वीर, भुताखेतांशी झुंजणारे सामुराई, हे सगळं चालत असे. चालत नसे ते अलीकडचं. १५७३ साली सुरू झालेल्या तेन्शो कालखंडापासून पुढचे योद्धे त्यांच्या नावानिशी आणि घराण्याच्या चिन्हांसह दाखवायला बंदी होती. तोकुगावांनी सत्ता मिळवली ती तोयोतोमी हिदेयोशीच्या वारसांना बाजूला सारून. त्या काळाची आठवण लोकांच्या हाती द्यायला सरकार तयार नव्हतं. १८०४मध्ये उतामारो या श्रेष्ठ चित्रकाराने हिदेयोशीची चित्रं काढली, तर त्याला तीन दिवस कोठडीत टाकून पन्नास दिवस हातकड्या घालून ठेवलं. दोन वर्षांनी तो वारला.

चित्रकारांनी यातून वाट काढली ती नावं बदलून. उतागावा कुनियोशी (१७९७ ते १८६१) हा त्यातला सगळ्यांत धीट. १८४८-४९च्या सुमारास त्याने सोळाव्या शतकातल्या सेनानींची एक मोठी मालिका काढली. तिला नाव दिलं चौदाव्या शतकातल्या एका युद्धकथेचं. हिदेयोशीला तिथे ‘माशिबा हिसायोशी’ केलं, ओदा नोबुनागालाही असंच नाव बदलून आत आणलं. घेणाऱ्याला सगळं कळत होतं. त्याआधी १८४३मध्ये त्याने आजारी सरदार योरिमित्सू आणि त्याला छळणारा राक्षसी कोळी यांचं चित्र काढलं होतं. लोकांना त्या आजारी सरदारात खुद्द शोगुन दिसला आणि मागच्या भुतांच्या गर्दीत सरकारी सुधारणांनी देशोधडीला लावलेली माणसं दिसली. प्रकाशकाने घाबरून ताव परत मागवले आणि ठसे नष्ट केले.

कुनियोशीचा शिष्य त्सुकिओका योशितोशी (१८३९ ते १८९२) याच्यावर मात्र खरं युद्ध पाहण्याची वेळ आली. ४ जुलै १८६८ रोजी एदोतल्या उएनो टेकडीवर शोगुनाच्या निष्ठावंतांना सम्राटाच्या फौजेने चिरडलं. योशितोशी एका शिष्याला घेऊन तिथे गेला आणि पडलेल्या प्रेतांची रेखाटनं केली. त्यातून जी मालिका उभी राहिली ती वरवर पाहता जुन्या काळातल्या योद्ध्यांची आहे. कुणी जखमेने अर्धमेला होऊन पडलाय, कुणाच्या तोंडातून रक्त ओघळतंय, कुणी कापलेलं मुंडकं हातात घेऊन शून्यात पाहतोय. योशितोशीच्या काळच्या छापणाऱ्यांनी लाल रंगात सरस मिसळला, म्हणजे रक्त वाळल्यावरही चिकट चकाकत राहावं. नावं तीनशे वर्षांपूर्वीची, चेहरे उएनोवर मेलेल्या पोरांचे. जपानी युद्धचित्रांच्या सगळ्या इतिहासात एवढी खरी मालिका दुसरी नसेल, आणि तिच्यातलं प्रत्येक नाव उसनं आहे.

शोगुन गेल्यावर आलेल्या मेइजी राजवटीत नावांवरचं हे बंधन गळून पडलं. चालू घडामोडी उघडपणे चितारता येऊ लागल्या, आणि लगेच उलटं घडलं: नावं खरी झाली, प्रसंग खोटे. १८७७मध्ये साइगो ताकामोरी या लोकप्रिय सेनानीने सत्सुमा प्रांतात सरकारविरुद्ध बंड केलं. ते सात महिने चाललं आणि २४ सप्टेंबरला कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर साइगोच्या मृत्यूने संपलं. त्या काळात चित्रांचा नुसता पाऊस पडला. साइगो होडीत बसून पोट चिरून घेतोय असं एक दृश्य योशितोशीनेही काढलं, प्रत्यक्षात साइगो जमिनीवर गोळी लागून पडला होता. त्याच वर्षी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. त्या तांबड्या ताऱ्यात गणवेशातला साइगो दिसतो अशी वदंता उठली, आणि आकाशाकडे बोट दाखवणाऱ्या गर्दीची चित्रंही दुकानांत आली. बातमी, अफवा आणि शोक एकाच कागदावर येत होते.

हा सगळा उद्योग चालवणारा माणूस चित्रकार नव्हे, प्रकाशक. कुठलं चित्र काढायचं, किती रंगांत, किती घाईने, हे तो ठरवी आणि पैसाही तोच घाली. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेषाचित्र काढून देई. त्याचं काम बहुतांशी तिथेच संपे. तो कागद जंगली चेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा, मागचा थर हलक्या हाताने चोळून काढायचा, म्हणजे रेषा उलटी स्पष्ट दिसते. मग कोरक्या ती रेषा उभी ठेवून बाजूचं लाकूड काढून टाकी. केसांच्या बटा, डोळे, ओठ हे काम कारखान्यातल्या उस्तादाचं. कपडे, झाडं, जमीन शिकाऊ मुलांकडे. मूळ चित्राचा कागद या कामात नाहीसा होई. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे. फळीच्या कोपऱ्यात आणि काठावर कोरलेल्या दोन खुणांना ओला कागद टेकवून बसवायचा, म्हणजे दहावा रंगही पहिल्याच्या जागी अचूक पडतो. छापणारा ब्रशाने फळीवर रंग लावी, कागद ठेवी आणि वेळूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने पाठीमागून घोटी. यंत्र कुठेच नाही. आकाशाचा निळा रंग वर गडद आणि खाली फिका होत जातो, तो प्रत्येक तावावर हाताने पुसून केलेला असतो.

१८९४मध्ये हेच काम तारेच्या वेगाने करायची वेळ आली. पुढच्या आघाडीवरून बातमी येई, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येत, आणि त्या चार ओळींवर चित्रकार तीन ताव भरून काढी. कुबोता बेइसेनसारखे थोडे चित्रकार वर्तमानपत्राचे वार्ताहर म्हणून कोरिया-चीनला गेलेही. पण दुकानांत जी चित्रं लटकत होती त्यांचे बहुतेक कर्ते टोकियोतच बसलेले होते. त्यांनी बर्फ पाहिला होता, शिपायांचे गणवेश पाहिले होते, रात्र पाहिली होती. बाकीचं त्यांनी रचलं.

त्यातला सर्वांत मोठा कलावंत कियोचिका. १८४७मध्ये एदोत जन्मलेला, शोगुनाच्या धान्यकोठाराच्या कारकुनाचा मुलगा. विशीत असताना तो हरलेल्या बाजूने, शोगुनाकडून, तोबा-फुशिमीच्या लढाईत उभा होता, असं त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे १८७६पासून त्याने बदलत्या टोकियोची दृश्यं काढली: गॅसचे दिवे, पाण्यात हलणारी प्रतिबिंबं, रात्रीच्या पावसात ओला रस्ता. १८८१मध्ये टोकियोत मोठी आग लागली. ती रेखाटत तो फिरत होता आणि इकडे त्याचंच घर जळून गेलं. प्रकाश कसा पडतो हे त्याला जितकं कळलं होतं तितकं त्याच्या काळात लाकडावर कुणालाच उतरवता आलं नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याने हीच विद्या रणांगणावर नेली. शेकोटीच्या उजेडात फक्त कड चमकणारे घोडेस्वार, धुराआडून फुटणारी तोफेची नारिंगी आग, सर्चलाइटच्या पट्ट्यात अडकलेली लाट.

त्याचं ऑक्टोबर १८९४चं एक चित्र पाहावं. १७ सप्टेंबरला पीत समुद्रात जपानी आरमाराने चिनी जहाजं बुडवली, त्या लढाईचं. कियोचिकाने समुद्र उभा चिरून दाखवला आहे. वरच्या पट्टीत जहाजं आणि धूर, आणि चित्राचा मोठा भाग पाण्याखालचा: हिरव्या-निळ्या खोलीत कलंडत जाणारं चिनी जहाज आणि त्याच्याबरोबर बुडणारी माणसं. तिथे उभं राहून हे पाहणं कुणालाही शक्य नव्हतं. पाण्याच्या खोलीबरोबर रंग कसा काळोखत जातो, हे छापणाऱ्याने फळीवर इतक्या हळुवारपणे घोटलं आहे की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. आणि हाच कियोचिका त्याच महिन्यांत ‘शंभर विजय, शंभर हशे’ अशा अर्थाच्या मालिकेत चिनी शिपायांची टर उडवणारी व्यंगचित्रं काढत होता.

कारागिरीचा गौरव करताना हे गिळून टाकता येत नाही. या चित्रांतले जपानी शिपाई उंच, सरळ, काळ्या युरोपीय गणवेशात. नाकडोळेही थोडे युरोपीय. समोरचे चिनी भडक रंगांच्या झग्यांत, वेण्या उडवत पळणारे, पालथे पडलेले. दोन्ही देशांची माणसं चेहऱ्यामोहऱ्याने किती सारखी आहेत हे टोकियोच्या प्रत्येक चित्रकाराला ठाऊक होतं. त्याच चिनी संस्कृतीची लिपी वापरून तो आपल्या चित्राचं शीर्षक लिहीत होता. उतागावा कोकुनिमासाचं ऑक्टोबर १८९४चं एक तीन तावी चित्र हात बांधलेल्या चिनी कैद्यांच्या शिरच्छेदाचं आहे. बाजूला मजकूर आहे, त्यात कैद्यांनीच हिंसा केली म्हणून ही शिक्षा, असं समर्थन आहे. याउलट २१ नोव्हेंबरला पोर्ट आर्थर जिंकल्यावर जपानी फौजेने तिथल्या रहिवाशांची आणि शरण आलेल्यांची जी कत्तल केली, ती न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मध्ये जेम्स क्रीलमन या वार्ताहराने डिसेंबरात जगापुढे आणली. टोकियोच्या दुकानांत पोर्ट आर्थरची पुष्कळ चित्रं आली. ती सगळी शौर्याची होती.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. फेब्रुवारी १८९५मध्ये वेइहाइवेइ बंदरात कोंडला गेलेला चिनी नौसेनापती दिंग रुचांग याने शरणागती पत्करण्यापेक्षा आत्महत्या केली. तोशिकाताने त्याचं जे चित्र काढलं त्यात उपहासाचा लवलेश नाही. आपल्या दालनात एकटा बसलेला पोक्त माणूस, बाहेर त्याच्या आरमाराचा अंत. जपानी नौसेनापती इतो सुकेयुकीने त्याचं शव सन्मानाने नेता यावं म्हणून एक पकडलेलं जहाज सोडून दिलं होतं. त्या वागण्यातला आदर तोशिकाताच्या रेषेतही आहे. तो योशितोशीचा शिष्य होता, आणि मरणाला सामोऱ्या माणसाचा चेहरा कसा काढायचा हे त्याला गुरूकडून मिळालं होतं.

दहा वर्षांनी रशियाशी युद्ध जुंपलं तेव्हा चित्रकार पुन्हा सरसावले, पण बाजार बदललेला होता. छायाचित्रं आता मासिकांत छापली जात होती, सचित्र पोस्टकार्डांची लाट आली होती, आणि शिळाछाप स्वस्त पडत होती. लाकडाची चित्रं निघाली, पण पूर्वीपेक्षा फार कमी. त्यांतल्या शत्रूचा चेहराही वेगळा आहे. १३ एप्रिल १९०४ रोजी रशियाचं ‘पेत्रोपावलोव्स्क’ हे जहाज पाणसुरुंगावर फुटलं आणि नौसेनापती मकारोव्ह बुडाला. मिगिता तोशिहिदे या योशितोशीच्याच दुसऱ्या शिष्याने त्याचं चित्र काढलं. बुडणारा मकारोव्ह तिथे भारदस्त आहे, शोकात्म नायक वाटावा असा. गोऱ्या शत्रूला मिळालेली ही प्रतिष्ठा चिनी शिपायाला दहा वर्षांपूर्वी क्वचितच मिळाली होती. १९०५मध्ये जपान जिंकला तेव्हा आशियाचा विजय म्हणून ‘केसरी’सह आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी त्याचं कौतुक केलं, आणि त्या आनंदाला कारणही होतं. पण ज्यांनी तो आनंद वाचला आहे त्यांनी १८९४ची ही चित्रंही पाहायला हवीत. आशियातल्याच शेजाऱ्याला जपान कसा पाहत होता, ते त्यांत लपवलेलं नाही.

त्याच ‘पेत्रोपावलोव्स्क’वर आणखी एक माणूस बुडाला: रशियन चित्रकार वासिली वेरेश्चागिन. भारतात हिंडून ताजमहाल रंगवणारा आणि इंग्रजांनी तोफेच्या तोंडी बांधलेल्या शिपायांचं चित्र काढून लंडनला अस्वस्थ करणारा हाच. युद्ध चितारायचं तर ते डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, या हट्टाने तो आयुष्यभर आघाडीवर गेला, आणि तिथेच संपला. टोकियोतल्या चित्रकारांना वेरेश्चागिनचा हा हट्ट परवडणारा नव्हता. प्रकाशकाला चित्र आठवड्याच्या आत हवं असे. मला तरी वाटतं, कियोचिकासारखा प्रकाश ओळखणारा माणूस मांचुरियाच्या बर्फात प्रत्यक्ष उभा राहिला असता तर त्याच्या मालिकेत हशे उरले नसते. तो १९१५मध्ये वारला, तोपर्यंत लाकडी ठशांचा हा बाजार जवळपास मिटला होता. कारागिरी मात्र टिकली. तोशिकाताचा शिष्य काबुराकी कियोकाता, त्याचे शिष्य इतो शिन्सुई आणि कावासे हासुई. याच परंपरेने पुढे स्त्रिया, पाऊस आणि बर्फाची ती शांत चित्रं दिली, जी आज जगभर दिनदर्शिकांवर दिसतात.

युद्धचित्रं दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. १९४५नंतर जपानला ती नकोशी होती आणि पाश्चात्त्य संग्राहकांना ती भडक वाटत. विसाव्या शतकाच्या शेवटी बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात शार्फ दांपत्याचा मोठा संग्रह आला आणि अभ्यास सुरू झाला. इतिहासकार जॉन डाउअर यांनी एमआयटीत या चित्रांवर एक पाठ्यक्रम उभा केला. एप्रिल २००६मध्ये त्याची जाहिरात विद्यापीठाच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर झळकली, तेव्हा कोकुनिमासाचं ते शिरच्छेदाचं चित्र पाहून चिनी विद्यार्थी संतापले. पाठ्यक्रम काही दिवस हटवावा लागला आणि इशाऱ्यांची जोड देऊन परत ठेवावा लागला. कागद ११२ वर्षांचा होता, जखम ताजी होती. विद्यार्थ्यांचा राग खरा होता. तरीही चित्र लपवणं हा त्यावरचा उपाय नव्हता, आणि ते परत ठेवलं गेलं हे योग्य झालं.

ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहातली अशी दोनशेहून अधिक चित्रं जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या आशियाई इतिहास केंद्राने लायब्ररीबरोबर मिळून संकेतस्थळावर मांडली आहेत. वाचकाने ती जरूर पाहावीत, आणि पाहताना नजर आधी कडेच्या चौकटीकडे न्यावी. मेइजी काळच्या कायद्याप्रमाणे तिथे छपाईची तारीख, चित्रकाराचं नाव आणि प्रकाशकाचा पत्ता बारीक अक्षरांत कोरलेला असतो. लढाईची तारीख इतिहासात मिळते. दोन्ही शेजारी ठेवून मधले दिवस मोजावेत आणि मग चित्रातल्या प्रत्येक चेहऱ्याला विचारावं, तुला कुणी पाहिलं होतं?